भिंतीपलीकडचा ड्राइव्ह

मंगळवार, ४

ड्राइव्हवाल्याने, म्हणजे मशीनच्या मोटरचे ड्राइव्ह दुरुस्त करतो त्याने, फोनवर सांगितलं, नोंद ठेवा. अलार्म किती वाजता आला, स्पिंडल किती वेगावर होतं, मशीन थंड होतं की तापलेलं, सगळं लिहा, त्याशिवाय मी इथून काही सांगू शकणार नाही. तो दोन दिवसांच्या प्रवासाइतका लांब बसतो, तेव्हा त्याचंही बरोबर आहे. टूलवाल्याने वर्षाच्या सुरुवातीला दिलेली ही डायरी कोरीच पडली होती. पहिल्या पानावर 'रक्तगट' असा रकाना आहे. आजारी मशीन पडलंय, रक्तगट माझा भरला.

तर नोंद. सकाळी आठ दहाला मशीन, म्हणजे माझा स्क्रीनवाला लेथ, चालू केलं. पहिले नऊ शाफ्ट सरळ निघाले. दहाव्याला स्पिंडल, म्हणजे शाफ्ट धरून फिरवणारा दांडा, बाराशेवर फिरता फिरता मध्येच थांबलं आणि स्क्रीनवर लाल अक्षरं आली: स्पिंडल ड्राइव्ह, जादा करंट. बंद करून चालू केलं, चाललं. चौदाव्याला पुन्हा तेच. दुपारनंतर दर दोन पिसांना. साडेचारला तर स्पिंडल उठायलाच तयार नाही. दिवसभरात एकवीस पीस.

पंप बनवणाऱ्या कंपनीला हवेत तीनशे, वीस तारखेपर्यंत. मागच्या खेपेला उशीर झाला तेव्हाच पंपवाल्यांच्या खरेदी साहेबाने बजावलं होतं की आता एकदा चुकलात तर हा शाफ्ट कायमचा दुसरीकडे जाईल. हा शाफ्ट गेला तर माझ्या शेडमध्ये आठवड्याला दीड दिवसाचं काम उरतं. दीड दिवसावर शेड चालत नाही, शटर ओढायचं आणि कुठेतरी कामाला लागायचं. हे ड्राइव्हवाल्यासाठी नाही, माझ्यासाठीच लिहून ठेवलं.

बुधवार, ५

करंट आला. करंट म्हणजे आमचा वायरमन. खरं नाव त्याच्या आईला ठाऊक असेल. दिवसभर मशीनच्या मागे पॅनल उघडून बसला होता. वायरींचे सगळे स्क्रू आवळले, पंख्यातली जळमटं काढली, येणारं व्होल्टेज तपासलं, कार्डं काढून पुन्हा बसवली. प्रत्येक वेळी "आता बघा" म्हणायचा आणि मी बघायचो. बारा वाजता मी पट्टा काढला. स्पिंडल हाताने फिरवून बघितलं तर लोण्यासारखं फिरतंय, म्हणजे बेअरिंग जाम नाहीत. नुसती मोटर चालवली, तरी अलार्म. म्हणजे दोष एक तर मोटरमध्ये किंवा ती चालवणाऱ्या ड्राइव्हमध्ये.

करंटने मोटरला मीटर लावला. "तिन्ही वाइंडिंग सारखे दाखवतायत. मोटर ठणठणीत आहे, साहेब. ड्राइव्हच गेला."

"खात्री?"

"तसाच दुसरा ड्राइव्ह लावून बघितला की पाच मिनिटांत कळेल."

एवढं बोलून तो भिंतीकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे बघितलं.

भिंतीपलीकडे दादाची शेड आहे. खरं म्हणजे शेड एकच, भिंत तीन वर्षांपूर्वीची. एका बंद पडलेल्या कारखान्यातून दादाने आणि मी ही दोन जुळी मशीनं एकाच ट्रेलरवर घालून आणली होती. एकोणीस वर्षं एका छपराखाली चालवली. मग मी या शाफ्टचा वेग थोडा वाढवला, चाळीस पीस भंगारात गेले आणि दादा खरेदी साहेबासमोर मला म्हणाला, "तुझा अजून हात बसलेला नाही." एकोणीस वर्षांनी! त्या महिन्यात वाटणी झाली. एकेक मशीन दोघांना. शाफ्ट घट्ट धरणारा मोठा चक माझ्याकडे आला, मोटर तपासायचा मेगर त्याच्याकडे गेला. पंपवाले माझ्या वाट्याला. दादा म्हणाला, "ते धाकट्याकडे राहू देत." कटकटीचं गिऱ्हाईक माझ्या गळ्यात घातलं आणि स्वतः किरकोळ कामं घेऊन मोकळा झाला. भिंत छतापर्यंत जात नाही, वर हातभर फट आहे. विटा कमी पडल्या होत्या, मग कोणी मनावरच घेतलं नाही.

तेव्हापासून आमचं बोलणं असं नाही. घर एकच आहे, वर ते, खाली आम्ही. ही आणि वहिनी एकाच गच्चीवर कपडे वाळत घालतात, त्यांच्यामार्फत जेवढं कळायचं तेवढं कळतं.

गुरुवार, ६

नोंद. सकाळी मशीन थंड असताना सहा पीस निघाले. सातव्याला अलार्म. मग तासभर थांबून पुन्हा प्रयत्न केला, एकही नाही. पंखा लावला, पॅनलचं दार उघडं ठेवलं, काही फरक नाही. करंटला फोन केला तर म्हणतो, मी परवाच सांगितलं ना. परवा कुठला, काल.

बायको म्हणाली, "भाऊजींना विचारा ना."

"काय विचारू? द्या म्हणू?"

"हो. द्या म्हणा. तोंड झिजणार आहे का?"

तिला सांगणं सोपं आहे.

शुक्रवार, ७

सकाळीच गेलो. दादाने नुकतीच शेड उघडली होती, मशीन अजून चालू व्हायचं होतं. चष्मा दोरीने गळ्यात, तीच निळी टोपी. माझ्याकडे बघून त्याने हातातलं फडकं बाजूला ठेवलं, जसं काही मी रोजच येतो.

"दादा, ड्राइव्ह हवाय. दोन दिवस."

"का?"

"लावून बघायचाय. करंट म्हणतो माझा गेलाय."

"हो, मला बोलला तो परवा. मोटर मेगर केलीस?"

"मीटर लावला. तिन्ही सारखे आहेत."

"मीटरवर नाही कळत ते. आतलं इन्सुलेशन खराब झालं असेल तर मेगर लावल्याशिवाय दिसणार नाही. तो बघ टेबलावर, घेऊन जा."

मी मेगरकडे बघितलंसुद्धा नाही. शाळा भरली होती माझी.

मग तो म्हणाला, "आणि ड्राइव्ह कशाला काढतोस? जॉब इकडे आण. माझं मशीन दुपारनंतर रिकामंच असतं. तयारी आहे माझी."

तयारी आहे म्हणे! माझ्या डोक्यात तिडीक गेली. कसली तयारी, ते मला बरोबर समजलं. आज शाफ्ट त्याच्या मशीनवर, उद्या खरेदी साहेबाचा फोन त्याच्याकडे, परवा मी त्याच्या दारात स्टूलवर. तीन वर्षं वाटच बघत असणार.

"शाफ्ट माझ्याकडेच होतील," मी म्हटलं. "ड्राइव्ह देतोस का तेवढं सांग."

तो मशीनच्या मागे गेला, पॅनल उघडलं आणि स्वतःच्या हाताने ड्राइव्ह काढला. प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून नंबर घातला. अर्धा तास लागला. मी दारातच उभा होतो. स्वच्छ कापडात गुंडाळून दिला आणि म्हणाला, "मोटर तापायला लागली की थांबव. हात लावून बघत जा."

मेगर टेबलावरच राहिला. काही नाही, दोन दिवसांत ड्राइव्ह परत नेऊन देईन तेव्हा बघेल तो.

शनिवार, ८

नोंद. नऊ वाजता दादाचा ड्राइव्ह बसवला. नऊ वीसला मशीन चालू. पहिला पीस निघाला, दुसरा निघाला. बाराशेवर स्पिंडल असं फिरत होतं की करंटने मला टाळी दिली. मी अकरा पीस काढले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली होती. मी करंटला म्हटलंसुद्धा, "बघ, मेगर मेगर करत होता."

अकरा दहाला बाराव्या पिसावर पॅनलमधून टायर फुटल्यासारखा आवाज आला. मग धूर. करंटने मेन खाली ओढला. जळक्याचा वास शेडभर पसरला.

करंटने ड्राइव्हचं झाकण काढलं आणि लगेच परत ठेवलं. "गेला," म्हणाला.

"हा पण?"

"हा पण."

मोटरला हात लावून बघितला. चटका बसला. हात लावायचं माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं, भरभर पीस निघत होते ना.

भिंतीपलीकडे कोणीतरी झाडत होतं. आवाज झाला तेव्हा झाडणं थांबलं. जरा वेळाने पुन्हा सुरू झालं. मधे भिंत आहे, त्यामुळे तिकडे काही कळलं नसावं.

रविवार, ९

दिवसभर पडून होतो. ही म्हणाली, ताप आहे का? नाही म्हटलं.

सोमवार, १०

दादाला आज सांगायचं असं ठरवलं होतं. वाक्यंही ठरवली. पहिलं वाक्य: दादा, एक गडबड झाली. मग वाटलं 'गडबड' शब्द हलका आहे. दुसरं: दादा, तुझा ड्राइव्ह गेला. हे फार सरळ वाटलं. तिसरं करंटवर ढकलून बघितलं, तेही जमेना.

जिना चढून वर गेलो. वहिनीने दार उघडलं. "भाऊजी! या ना, आत या." तीन वर्षांत मी पहिल्यांदाच वर आलो होतो, बिचारीला काय करू नि काय नको झालं.

"दादा?"

"अंघोळीला गेलेत. बसा तुम्ही."

"नको, मग येतो."

"मशीनचं झालं का काही?"

"बघतोय. चालू आहे तपासणी."

"मी यांना विचारलं, ड्राइव्ह कधी मिळणार, आपली कामं खोळंबलीत. तर म्हणाले, त्याला घाई करू नकोस, तो स्वतःहून येईल."

जिना उतरताना मला इतकं हलकं वाटलं की लाज वाटली पाहिजे होती. म्हणजे त्याला काहीच कळलेलं नाही. अजून दोन-तीन दिवस मिळाले. दोन्ही ड्राइव्ह गुंडाळून ड्राइव्हवाल्याला पाठवले. त्याने दादाचा तरी नीट करून दिला की निमूटपणे परत बसवून टाकायचा, सांगायची वेळच येणार नाही.

बुधवार, १२

ड्राइव्हवाल्याचा फोन. पार्सल मिळालं. दोन्हींचा मुख्य भाग एकाच तऱ्हेने जळलाय. मला म्हणतो, "दुसरा लावण्याआधी मोटर मेगर केली होती ना?"

मी म्हटलं, लाइन खराब आहे, ऐकू येत नाही.

"दोघांतून एक होतोय का बघतो. दहा-पंधरा दिवस धरा. भाग मिळत नाहीत हो याचे, मशीन तुमच्या-माझ्या लग्नाच्या वेळचं."

दहा-पंधरा दिवस. आज बारा तारीख.

दादाच्या शेडमधून दिवसभर आवाज नाही. आधी कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं, पण मी पीस काढताना त्याच्या मशीनचा आवाज कायम कानावर असायचा. आता दोन्हीकडे चिडीचूप आहे. गल्लीतला चहावाला विचारून गेला, आज सुट्टी का?

गुरुवार, १३

आज दादा शेडमध्ये आला. भिंत बांधल्यापासून पहिल्यांदा.

मी स्टूलवर बसून शाफ्टचे अडतीस पीस पुसत होतो. पुसायची काही गरज नव्हती. वर बघितलं तर दादा दारात, काखेत मेगर. मी उभा राहिलो. तो सरळ मशीनच्या मागे गेला, पॅनलचं दार उघडलं. आत ड्राइव्हच्या जागी रिकामं भोक, वर काळा डाग. त्याने डागावरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि पॅन्टला पुसलं. माझा ड्राइव्ह कुठे, तुझा कुठे, काही विचारलं नाही.

मग खाली बसला. गुडघे धरून बसायला वेळ लागला त्याला. मोटरच्या डबीचं झाकण काढलं, मेगरच्या दोन वायरी लावल्या आणि हँडल फिरवायला लागला. मी वाकून बघितलं. काटा सरळ शून्यावर जाऊन पडला, म्हणजे आतलं इन्सुलेशन गेलेलं. तिन्ही वेळा.

"मोटर," तो म्हणाला.

दोन्ही ड्राइव्ह तिनेच जाळले होते.

"वाइंडिंगवाल्याकडे टाक. आठवड्यात देईल."

त्याने वायरी गुंडाळल्या, मेगर माझ्या टेबलावर ठेवला. मला वाटलं आता बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं, मीही काहीतरी उलट बोललो असतो, दोघांचं तोंड मोकळं झालं असतं. दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "तुझ्या हाताला भाजलं नाही ना?"

"नाही."

"बरं."

गेला. भाजल्याचं याला कोण बोललं? करंटच असणार. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. फोन करून चांगला झापला त्याला. तो शपथेवर सांगतो की मी आठवडाभर तिकडे फिरकलोच नाही.

सोमवार, १७

पंपवाल्यांकडे गेलो. खरेदी साहेबाने दोन तास बाकावर बसवून ठेवलं. आत गेल्यावर मात्र खुर्ची दिली, पाणी मागवलं, त्यावरूनच मी ओळखलं.

सगळं सांगितलं. मोटर, ड्राइव्ह, दहा-पंधरा दिवस. आठ दिवसांची मुदत मागितली.

साहेबाने विचार केला आणि म्हणाला, "तुमच्या भावाकडे तसंच मशीन आहे ना? मग त्यांच्याकडून का नाही करून घेत? आम्हाला पीस मापात आले म्हणजे झालं, कोणाच्या मशीनवर केले याच्याशी काय करायचंय?"

"त्याचंही बंद आहे."

"दोन्ही एकदम?"

"हो."

"कशी काय?"

सांगायला सुरुवात केली, म्हटलं, त्याचा ड्राइव्ह मी काढून माझ्या मशीनला लावला. साहेब म्हणाला, "पण त्यांचं तर चालू होतं ना?" चालू होतं. "मग काम तिकडे न्यायचं, की ड्राइव्ह इकडे आणायचा?" त्याने टोमणा मारला नव्हता. त्याला खरोखरच समजत नव्हतं. खरेदीतल्या माणसाला मशीनमधलं काय कळणार, असं मी बसमध्ये स्वतःला सांगत होतो. दोन थांबे गेल्यावर तेही सांगवेना.

वीसपर्यंत वाट बघतो म्हणाला, नियम आहे म्हणून.

गुरुवार, २०

मोटर वाइंडिंग होऊन आली. मेगर लावला, उत्तम. ड्राइव्ह नाही. तयार पीस अडतीस.

शुक्रवार, २१

पंपवाल्यांचा टेम्पो आला. उरलेलं मटेरियल, ड्रॉइंग आणि शाफ्टचं माप तपासायचं गेज न्यायला. ड्रायव्हर एकटाच होता, म्हणाला, जरा हात लावता का, सळ्या जड आहेत. मीच हात लावला. अख्ख्या दोनशे बासष्ट पिसांचं लोखंड माझ्याच हाताने टेम्पोत चढवलं. वर त्याने माझ्याकडून सही घेतली.

घरी आल्यावर हिने ताट वाढलं आणि समोर बसून राहिली. मीच म्हटलं, "बोल ना." ती म्हणाली, "काय बोलू?"

मंगळवार, २५

सकाळी सहाला दूध आणायला गेलो. कोपऱ्यावर मोठ्या कारखान्याची बस थांबते. वीस-पंचवीस वर्षांची पोरं रांगेत, सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं. त्यात शेवटी दादा. डोक्यावर टोपी नव्हती, केस नीट विंचरलेले, चष्म्याची दोरी आणि ओळखपत्राची दोरी एकमेकींत अडकली होती, ती सोडवत होता. मी दुधाच्या दुकानात आत सरकलो. बस आली, तो पोरांच्या मागून चढला आणि बस निघून गेली.

हिला विचारलं. हिला माहीत होतं.

"वहिनी म्हणाल्या गेल्या आठवड्यात. दहा दिवस मशीन बंद म्हटल्यावर त्यांची दोन्ही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. पहिल्या पाळीत ऑपरेटर म्हणून लागलेत. वय जास्त आहे म्हणून कारखान्यातले आधी नाही म्हणत होते, मग एक पीस करून दाखवायला सांगितलं आणि लगेच घेतलं."

"मला का नाही सांगितलं कोणी?"

"तुम्ही त्यांना सांगितलंत का?"

पंचावन्न वर्षांचा माणूस. मला मशीनवर उभं राहायला त्यानेच शिकवलं. माझा शाफ्ट गेला, मला वाईट वाटायचं कारण आहे. त्याचं काय गेलं होतं? त्याचं सगळं सुरळीत चालू होतं. मी जाऊन हात घालेपर्यंत चालू होतं. उद्या सांगतो. नक्की सांगतो.

बुधवार, २६

सांगितलं नाही. तो दमून आला होता.

शुक्रवार, २८

पार्सल आलं. एकच ड्राइव्ह. ड्राइव्हवाल्याने चिठ्ठी लिहिलीय: दोघांतून एक झाला. झाकण एकाचं, आतली कार्डं दुसऱ्याची, तपासून पाठवत आहे.

टेबलावर ठेवून मी बराच वेळ बघत बसलो. माझी मोटर नवी झालेली, मशीन तयार. फक्त हा बसवायचा. पंपवाले गेले तरी दीड दिवसाचं काम आहे, त्यात भर घालता येईल. झाकणावरचा नंबर त्याचा, म्हणजे आतली कार्डं माझी. हिला विचारलं, "हा कोणाचा म्हणायचा?"

ती भाजी चिरत होती. वर न बघता म्हणाली, "ज्याचा चालू होता त्याचा."

वर गेलो. वहिनीने काही न विचारता खुंटीवरची किल्ली काढून दिली. "यांनी सांगून ठेवलंय, भाऊजी आले तर द्या."

दादाची शेड वीस-बावीस दिवसांची बंद. आत सगळं जागच्या जागी. पॅनलमध्ये त्याने नंबर घातलेल्या वायरी तशाच लोंबत होत्या. एकेक नंबर बघून लावल्या, चुकायला जागाच नव्हती. आधी मोटर मेगर केली. चांगली आहे. ती चांगलीच होती, पहिल्यापासून.

मेन चढवला. अलार्म नाही. स्पिंडल चालू करायच्या आधी चकमध्ये काही सैल राहिलंय का ते बघायचं असतं, म्हणून पुढचं दार सरकवलं.

चकमध्ये पीस होता. घट्ट धरलेला, वरून तेलाचा हात फिरवलेला. एका बाजूची पायरी, खाच, टोकाची उतरती कड, सगळं झालेलं. मला माप घ्यायची गरज नव्हती, हा शाफ्ट मी डोळे मिटूनही ओळखतो. तरी मायक्रोमीटर लावला. दिलेल्या मर्यादेच्या बरोबर मधोमध. टूलच्या ट्रेमध्ये वाटणीच्या आधीच्या ड्रॉइंगची पिवळी पडलेली प्रत होती. आणि पिसाच्या टोकावर मार्करने, दादाच्या अक्षरात: पहिला. ता. ६.

मी ड्राइव्ह मागायला गेलो ती सात तारीख.

म्हणजे करंटने पाचला त्याला सांगितलं, आणि सहाला त्याने स्वतःच्या सळीतून माझा शाफ्ट काढून बघितला. मला बोलावण्याआधी आपल्याकडे मापात येतोय ना, एवढं बघून ठेवलं. तयारी आहे माझी, म्हणाला होता. मी बाहेर दारात उभा होतो तेव्हा हा पीस इथेच चकमध्ये होता. मी फक्त मागचं पॅनल बघत होतो. तीनशे पीस वीस तारखेच्या चार दिवस आधी झाले असते, दोन्ही मशीनं धडधाकट राहिली असती आणि आज सकाळी तो त्या पोरांच्या रांगेत नसता. हे मी त्याच्या स्टूलवर बसून लिहितोय. रडून झालं.

पिसाची दुसरी बाजू बाकी आहे. चक उघडायचा, पीस उलटा धरायचा, पाच मिनिटांचं काम. करता येईल, पण घेणारं कोणी नाही. दादाची पाळी अडीचला सुटते, तीनला बस कोपऱ्यावर येते. त्याला काय सांगायचं ते मागच्या पानावर लिहून बघितलं आणि खोडलं. चार वेळा. आता पावणेतीन झालेत. ड्राइव्ह बसवला, एवढंच मला म्हणता येईल असं दिसतंय.